टेकाडावरचा खराटा

आमच्या बेटावरच्या लेसावीने एकदा वसा घेतला होता. तो कसा घेतला ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. दिव्याची वात थोडी वर करा हवं तर.

तिचा थोरला पायाळू जन्मला. निळा पडला होता, रडेना. सुईणीने मान हलवली. तेव्हा तिच्या सासूने, लेमानूने, नाळ केळीच्या पानात गुंडाळली आणि ओल्या बाळंतिणीला हाताला धरून झऱ्यावरच्या टेकाडावर नेलं. तिथे नातोराची झाडं दाट उभी होती. सासूने नारळाच्या हिरांच्या खराट्याने एक जागा लख्ख झाडली, खड्डा केला, नाळ पुरली, वर नातोराचं बोटभर रोप लावलं. खाली घरातून रडण्याचा आवाज आला तो त्याच घटकेला.

लेसावीने रोपाला हात लावला आणि म्हणाली, "देवा, माझं लेकरू तू दिलंस. आता या टेकाडावरचं एकही झाड मी मुकाट्याने पडू देणार नाही. कोणी कुऱ्हाड उचलली तर बोलेन."

सासू हसली. "बोलशील ना? बघ हं. कुऱ्हाडीला कान नसतात, माणसाला असतात. माणसाशी बोलावं लागतं."

"बोलेन, आई."

मग सासूने तिला एकेक झाड दाखवलं. हे तुझ्या नवऱ्याचं. ते दुबेळकं माझ्या बहिणीच्या मुलाचं. ते वाकलेलं पलीकडच्या म्हातारीचं, तीही तशीच वाकलीय बघ. गावात जन्मलेल्या प्रत्येकाची नाळ तिथे होती आणि प्रत्येक नाळेवर झाड होतं. म्हणून टेकाड कधी बोडकं पडलं नाही आणि झरा कधी आटला नाही. बायका आठवड्याला वर जात, आपापल्या लेकराच्या झाडाखालचा केर काढत. पुरुषांना यातलं काही ठाऊक नसे.

"त्यांना कशाला सांगायचं?" सासू म्हणायची. "त्यांना त्यांचे राखलेले दगड आहेत, संध्याकाळी प्यायला मुळांचा कावा आहे. बसू देत."

सासू गेली. बाळंतपणं शहरातल्या दवाखान्यात होऊ लागली, नाळा तिथेच राहू लागल्या. कुठल्याशा जुन्या पाद्रीबाबांनी हे झाडांचं पूजन आहे, अंधारातल्या लोकांचं काम आहे, असं बायकांना बाजूला घेऊन सुनावलं होतं. त्याची लाज बायकांच्या मनात बसली ती बसलीच. वर जाणं कमी झालं. मग थांबलं. लेसावी विधवा झाली, चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख झाली. उपास धरायची, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थनेला बसायची, कोणाकडे चूल पेटली नाही तर शिजवलेला यामकंद पदराखाली नेऊन द्यायची. वाईट बाई नव्हती हो. हे लक्षात ठेवा.

आता मंडळासाठी नवं सभाघर बांधायचं होतं. तिचंच स्वप्न होतं ते. त्याला खांब हवे होते, आणि खांबाला नातोरासारखं लाकूड नाही.

त्याच सुमारास जंगलखात्याचा माणूस आला. टारी त्याचं नाव, दुसऱ्या बेटावरचा, मऊ बोलणारा. गावच्या वडाखाली सगळे जमले. टारी म्हणाला, "जंगल कुठे तोडायचं, कुठे राखायचं हे शहरात बसून ठरवलं की चुकतं. आम्ही फार चुकलोय. तेव्हा तुम्ही सांगा. तुमच्या वाडवडिलांनी काय राखलं, कुठे पाऊल टाकायचं नाही. ते आधी, मग आपण तोडायच्या झाडांना खुणा करू."

गावप्रमुख कलतोंगने पुरुषांच्या जागा सांगितल्या. समुद्राकडचा दगड, जुन्या प्रमुखांची दफनाची जागा. टारीने सगळं नीट विचारून घेतलं. मग तो बायकांकडे वळला.

"आणि तुमच्याकडचं, मावश्यांनो? वर झऱ्याजवळ काही?"

सगळ्या बायकांनी लेसावीकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या लेवियाने तिला कोपराने ढोसलं. पुढच्याच बाकावर पाद्रीबाबा होते, शिकलेले, पांढराशुभ्र सदरा घातलेले. लेसावीला वाटलं, आता मी नाळ म्हणणार, खराटा म्हणणार, आणि हे म्हणतील, महिला मंडळाची प्रमुख अजून अंधारातच आहे. तिने आपल्या हातांकडे पाहिलं.

टारी थांबला. बराच वेळ थांबला.

"आमचं काही नाही," लेसावी म्हणाली.

बस्स. एवढंच. टेकाडावरच्या झाडांना तांबड्या रंगाचे पट्टे मारले गेले.

त्या शनिवारी ती लापलाप गुंडाळून भाजायची पानं तोडायला टेकाडाच्या पायथ्याशी गेली होती. रविवारचं लापलाप रताळ्याचं करावं की केळ्याचं, एवढाच विचार डोक्यात. ऊन कलतं होतं, हवा जड होती. वाटेने तिचा मावसदीर आला, लेवियाचा नवरा. खांद्यावर करवतीचं मशीन. त्याच्यासारखा सुतार आसपासच्या गावांत नव्हता.

"काय वहिनी, पानं एवढी? गावजेवण घालताय का?"

"तुमच्यासारखा एक जेवला की गावजेवणच होतं, भावोजी."

तो खो खो हसला. "खा म्हणा आता. तुमच्याच सभाघराचे खांब पाडायला चाललोय. पहिला मान त्या दुबेळक्याचा. फार दिवस डोळा होता त्याच्यावर."

लेसावीच्या हातातलं पान तसंच राहिलं. दुबेळकं... सासूच्या बहिणीच्या मुलाचं. म्हणजे याचंच.

बोलायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण बोलायचं तर आधी हे सांगावं लागणार होतं, की त्या दिवशी सगळ्यांसमोर मी खोटं बोलले. ती म्हणाली, "जपून हो."

"तुम्ही प्रार्थना करा, मी झाड पाडतो," असं म्हणत तो वर गेला.

मशीन सुरू झालं. ती पानं तोडत राहिली. एकावर एक ठेवत राहिली, जणू नीट रचली तर काही बिघडणार नाही. मग एक लांब करकर झाली, मोठ्ठा आवाज झाला, आणि पायाखालची माती हलली. मशीन बंद पडलं.

त्यानंतर जी शांतता झाली, तिच्यात पक्षी नव्हता, किडा नव्हता, खालचा समुद्रसुद्धा नव्हता. आणि त्या शांततेत, वरून कुठून तरी...

खर्र... खर्र... खर्र...

कोणीतरी झाडत होतं.

लेसावी चढू लागली. वर पालापाचोळा घोटाभर असायला हवा होता. किती वर्षांत केर काढायला कोणी गेलं नव्हतं. पण झाडांखालची जमीन लख्ख होती. हिरांचे कमानीसारखे ओरखडे मातीवर ताजे उमटले होते. वास येत होता, खोबरेल तेलाचा आणि चुलीच्या धुराचा. सासूच्या अंगाला यायचा तसा. माणूस मात्र कोणी नव्हतं.

दुबेळकं आडवं पडलं होतं. खुंटाशी भावोजी पाठमोरे बसले होते. तिने त्यांना नावाने हाक मारायला तोंड उघडलं. आमच्याकडे दिराला वहिनी नावाने हाक मारत नाही, पण घाबरलेल्या माणसाला कसली रीत?

नाव आलंच नाही.

विसरलं असं नव्हे. दाताच्या जागी जीभ फिरवावी आणि तिथे दात नसावा, तसं.

"भावोजी," ती म्हणाली.

त्यांनी वळून पाहिलं. "वहिनी, इथे आत्ता कोण होतं?... कोणीतरी माझ्या पायाशी झाडून गेलं."

दोघं खाली उतरली. भावोजींच्या घरापाशी त्यांचाच कुत्रा त्यांच्यावर गुरगुरला. लेविया स्वयंपाकघराच्या दारात आली, हात पुसत, परक्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "कोण पाहिजे?"

मग तिने चेहरा निरखला आणि स्वतःच दचकली. "अगंबाई, तुम्ही होय. या. बसा." नवऱ्याला कोणी बसा म्हणतं का? पण ती बसा म्हणाली, आणि तेही पाहुण्यासारखे कडेला टेकले.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी सभाघरासाठी राबणाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना केली. एकापाशी येऊन थांबले. डोळे मिटलेलेच. ओठ हलले, आवाज नाही. मग "आणि आमच्या त्या भावासाठी," एवढं म्हणून पुढे गेले. खिडक्या उघड्या होत्या. टेकाडाकडून आवाज येत होता.

"कोण झाडतंय गं?" एकीने पुटपुटून विचारलं.

"वारा असेल," दुसरी म्हणाली.

माडांची झावळी एकही हलत नव्हती. सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या. प्रत्येकीला कळलं होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं, की दुसरी बोलेल.

संध्याकाळी थोरल्याचा फोन आला. तो न्यूझीलंडला होता, सफरचंदाच्या बागेत कामाला.

"आई, एक सांगू? हसू नकोस."

"सांग की, राजा."

"कानात कोणीतरी झाडतंय. खराट्याने. इथे कोणाकडे खराटा असायला? कालपासून. झोपलो तरी... आणि आवाज सारखा जवळ येतोय, गं."

लेसावीच्या डोळ्यांपुढे त्याचं झाड आलं. सरळसोट, खांबाला बघून घ्यावं असं. त्यावर तांबडा पट्टा होता. सोमवारची पहिली करवत त्यालाच लागायची होती.

ती तशीच उठली आणि कलतोंगच्या कुंपणापर्यंत गेली. आत पुरुष कावा भरलेल्या करवंट्या घेऊन बसले होते. टारी होता, पाद्रीबाबा होते. कोणीतरी काहीतरी म्हणालं, सगळे हसले. कुंपणाच्या बाहेर उभी राहून तिने पदर सारखा केला. आत गेलं की पहिला प्रश्न होणार, मग त्या दिवशी का नाही बोललीस? स्वतःच्या मुलासाठी भ्यायली होती, त्याहून जास्त ती त्या एका प्रश्नाला भ्यायली. सकाळी सांगेन, म्हणून माघारी फिरली.

मला हे सांगायला जड जातं. पण खरं ते खरं.

सकाळी धुकं होतं. आमच्याकडे असं धुकं फारसं पडत नाही. ती घराबाहेर पडली तोवर माणसं वर गेलीसुद्धा होती. ती धावत सुटली. वाट दिसेना. आणि मग दिसली: पाचोळ्यातून एक पट्टा झाडलेला, माणूस जाईल एवढा रुंद. तिच्या पुढे पुढे पानं आपोआप दोन्ही बाजूंना सरकत होती. खर्र... खर्र... पाऊल नाही, हात नाही, पाठ वाकलेली कुठे दिसत नाही. फक्त वाट झाडली जात होती, आणि ती त्या वाटेवरून जात होती.

वर मशीन फुरफुरलं, सुरू झालं.

वाट थोरल्याच्या झाडाशी संपली. भावोजी मशीन घेऊन वाकले होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. हात काम करत होते एवढंच. मागे कलतोंग, पाद्रीबाबा, टारी. भुसा उडत होता, तांबूस, ओला. लेसावीने तोंड उघडलं. आवाज फुटेना. इतके दिवस दाबलेला आवाज, तो बरा एका हाकेला येईल?

खराटा तिच्या मागे येऊन थांबला. अगदी मागे. मानेवर खोबरेलाचा वास आला, आणि कानाशी, दमलेल्या बाईने विचारावं तसं, हळू...

"बोलशील ना?..."

"थांबवा!" लेसावी ओरडली. "थांबवा ते! ती आमची आहेत! ती सगळी माणसं आहेत!"

मशीन थांबलं. करवत निम्म्यात गेली होती.

मग ती बोलली. तिथेच, मातीत बसून. नाळांचं, रोपांचं, केर काढण्याचं, झऱ्याचं, सगळं. प्रत्येक झाडाकडे हात करून कोणाचं ते सांगितलं. शेवटी म्हणाली, "मला विचारलं होतं. मी नाही म्हणाले. मला लाज वाटली."

टारी तिच्यासमोर उकिडवा बसला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "मावशी, मी थांबलो होतो. तुमच्या तोंडाकडे बघत थांबलो होतो."

"हो रे बाबा. दिसलं होतं मला."

तेव्हा पाद्रीबाबा पुढे आले. त्यांचा पांढरा सदरा भुशाने माखला होता. लेसावीने मान खाली घातली. ते खाकरले आणि एखाद्या मुलासारखे म्हणाले, "माझी आई याच गावची. मी इथेच जन्मलो... माझं कुठलं?"

तिने दाखवलं. त्यांनी झाडाला हात लावला, आणि किती वेळ तो काढला नाही.

त्याच दिवशी नामेलेचं पान आणलं. ते ज्या वाटेवर बांधलं, ती वाट कुऱ्हाडीला बंद. मग तिथे प्रमुखसुद्धा कुऱ्हाड घेऊन पाऊल टाकत नाही. कलतोंग बांधायला निघाला, पण टारी म्हणाला, जागा ज्यांची त्यांनी बांधावं. पान लेसावीने बांधलं. सभाघराचे खांब दुसरीकडच्या लाकडाचे झाले, जरा वाकडे आहेत, पण उभे आहेत. आता बाळंतीण शहरातून येते ती नाळ डब्यात घालून आणते, आणि रोप लावायला नवरेही वर येतात, टिवल्याबावल्या करत का होईना. झरा वाहतो आहे. देव दयाळू आहे. उशिरा बोललेलंही ऐकतो.

पण करवत निम्म्यात गेल्यावर बोललेलं निम्मंच ऐकतो, असं मला वाटतं.

हंगाम संपला, थोरला घरी आला. लेसावी धक्क्यावर गेली. तो बोटीतून उतरला, हसला. कानातला खराटा त्या सोमवारीच थांबला होता म्हणाला. तिने दोन्ही हात पसरून त्याच्या नावाने हाक मारली.

"कल..."

पुढचं आलं नाही. आमच्याकडे निम्म्या पुरुषांची नावं 'कल'ने सुरू होतात. धक्क्यावरचे सगळे बाप्ये वळून बघायला लागले, आणि लेसावी तशीच हात पसरून उभी. मुलगा म्हणाला, "आई, पुढे म्हण ना." त्यालाही पुढचं म्हणता आलं नाही. त्याचं झाड जगलं आहे, निम्मी चीर घेऊन. आम्ही त्याला थोरला म्हणतो. मीही इतका वेळ तेच म्हणत आले, तुमच्या लक्षात आलं असेल. भावोजींचं तर मी तेवढंही सांगू शकत नाही. दुबेळक्याच्या खुंटाला कोंब फुटला आहे. लेविया रोज त्याला पाणी घालते, वाकून त्याच्याशी काहीबाही बोलते, एकेक नाव म्हणून बघते. कोंब वाढेल तसं नाव परत येईल अशी तिची श्रद्धा आहे. माझीही आहे.

केर आता आम्ही बायका आळीपाळीने काढतो. फक्त एक आहे. आम्ही जाण्याआधी, झऱ्याच्या अगदी डोक्यावरची एक जागा रोज झाडलेली असते. तिथे झाड नाही. खुंट नाही. कोणाची नाळ तिथे पुरल्याचं कोणाला आठवत नाही. शेजारी एक खराटा टेकवलेला असतो, हिरव्या, ताज्या हिरांचा, आणि त्याची गाठ लेमानू मारायची तशी असते.

तेव्हा बायांनो, एवढं ऐकलंत, तर हा वसा तुम्हीही घ्या. फार अवघड नाही. तुमच्याकडचं काही जपलेलं असेल, तळं असेल, राई असेल, आजीने सांगितलेली एखादी जागा असेल, आणि कोणी विचारलं, तुमचं काही आहे का, तर खाली बघू नका. लाज वाटली तरी सांगा. आई जिवंत असेल तर आपली नाळ कुठे पुरली ते आजच विचारून ठेवा. दिवेलागणीला बाहेर खराट्याचा आवाज आला तर वारा म्हणू नका. उठा, आणि आपलं नाव एकदा मोठ्याने, पुरतं घेऊन बघा.

घ्या बघू. आत्ताच.

येतंय ना सगळं?